रिळावरचा आकडा ताकद सांगत नाही: बारीक तंगुसासाठी कोणतं रीळ घ्यावं?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाच्याला घेऊन गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला, "मामा, सहा हजारचं घेतलं बघा." मला वाटलं, किंमत सांगतोय. "अरे, एवढे पैसे?" तर तो म्हणे, "किंमत नाही हो, साइज. सहा हजार. एकदम ताकदवान!"

काठी साडेसहा फुटी, टोकाला वेताच्या छडीसारखी बारीक. तिच्याखाली हे दणकट, काळं धूड बसवलेलं. दोरा मात्र सहा पौंडी तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा), शंभर मीटर. तो स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकाच्या, तळाशी असा गेला होता, की उन्हाळ्यात विहिरीच्या बुडाशी राहिलेलं पाणीच आठवावं. पाच ग्रॅमचा चमचा (चमच्यासारखं धातूचं आमिष) त्याने अंगातला सगळा जोर लावून फेकला आणि तो पडला आठ-दहा पावलांवर. तिसऱ्या फेकीला तंगुसाचा गुंता झाला. सकाळचा सगळ्यात चांगला अर्धा तास आम्ही नखांनी गाठी सोडवण्यात घालवला.

चूक त्याची नव्हती. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असं आपण ट्रॅक्टरपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळीकडे गृहीत धरतो. रिळाच्या बाबतीत ते लागू पडत नाही, आणि बारीक दोऱ्याच्या मासेमारीत तर अजिबात नाही. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन खरेदीमुळे नाशिकच्या आसपासच्या तलावांवर आणि धरणांवर रिळाची काठी घेतलेली पोरं दिसायला लागली आहेत. त्यांना हा आकडा कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून हा लेख.

बाटली, धोटा आणि रीळ

नदीकाठी बसून तंगुसाने मासे धरणारी माणसं पाहिली असतील. प्लॅस्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गळ. एका हाताने शिसं गरगर फिरवून सोडायचं, दुसऱ्या हाताने बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं. बाटली फिरत नाही. तंगूस तिच्या तोंडावरून सुळसुळ निसटत जातो.

स्पिनिंग रीळ म्हणजे हीच बाटली, काठीला बसवलेली. दोरा ज्यावर गुंडाळलेला असतो तो भाग म्हणजे स्पूल. फेकताना स्पूल जागचा हलत नाही, दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. हँडल फिरवलं की एक अर्धगोल तार स्पूलभोवती फिरते आणि दोरा परत गुंडाळते. संक्रांतीला येवल्यात पतंगाची आसारी (मांजाची फिरकी) फिरताना पाहिली असेल, तर फरक लगेच कळेल: आसारी स्वतः फिरते, हा स्पूल फिरत नाही. म्हणून तीन-चार ग्रॅमचं हलकं आमिषही लांब जातं. त्याला अख्खा स्पूल गरगरवायचा नसतो, फक्त दोरा ओढून न्यायचा असतो.

येवल्याचंच आणखी एक उदाहरण इथे चपखल बसतं. पैठणी विणताना धोट्यातली कांडी आपल्या जागी राहते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. असं रीळ करण्याची कल्पना जमवून १९०५ मध्ये पेटंट घेणारा अल्फ्रेड इलिंगवर्थ हा इंग्लंडमधला कापड गिरणीच्या धंद्यातलाच माणूस. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. विणकराला जे रोज दिसतं, तेच मासे धरणाऱ्याच्या हातात आलं.

आकडा नेमका कशाचा?

५००, १०००, २०००, २५००, ३०००, ४००० आणि पुढे. हे आकडे ना ग्रॅममध्ये आहेत, ना मिलिमीटरमध्ये, ना किलोच्या ताकदीत. चपलेच्या नंबरासारखे आहेत, एवढंच समजा. आकडा वाढला की रिळाचं अंग आणि स्पूल मोठा होतो, दोरा जास्त आणि जाड बसतो.

चपलेसारखंच, एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीच्या आठला जुळेलच असं नाही. डायवाची जुनी २५०० शिमानोच्या २५०० पेक्षा अंगाने मोठी असायची. २०१८ च्या एलटी मालिकेपासून डायवाने आकडे बदलून हा फरक कमी केला. जुनं, वापरलेलं रीळ विकत घेताना हे ध्यानात ठेवा. काही कंपन्या शेवटची दोन शून्यं गाळून २०, २५, ३० असंही लिहितात.

आकड्याला चिकटलेली अक्षरं तर लोक वाचतच नाहीत, आणि बारीक दोऱ्यासाठी त्यांचंच मोल जास्त. शिमानोच्या रिळावर आकड्याआधी 'सी' असेल तर अंग एक पायरी लहान: 'सी ३०००' म्हणजे २५०० चं अंग आणि ३००० चा स्पूल. आकड्यानंतर 'एस' असेल तर स्पूल उथळ, म्हणजे घेर तेवढाच पण खोली कमी. हा 'एस' लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

आधी दोरा ठरवा, मग रीळ

दुकानात गेलेला माणूस आधी रीळ बघतो, मग काठी, आणि शेवटी उरलेल्या पैशांत दोरा घेतो. हा क्रम उलटा करायला हवा.

दोऱ्याची ताकद पौंडात सांगतात. चार पौंडी म्हणजे साधारण १.८ किलोच्या ओढीला तुटणारा, सहा पौंडी म्हणजे २.७ किलोला, आठ पौंडी म्हणजे ३.६ किलोला. दोन ते आठ पौंडांमधल्या दोऱ्याला आपण इथे बारीक म्हणू. तिलापियासाठी (आपल्याकडे सर्रास चिलापी म्हणतात) आणि लहान रोहू-मृगळांसाठी तो पुरतो. पाणी निवळ असेल तर बारीकच दोरा हवा, कारण जाड दोरा हलक्या आमिषाला नीट तरंगू देत नाही आणि माशालाही दिसतो.

रिळाला मात्र पौंडांशी घेणंदेणं नाही, त्याला दोऱ्याची जाडी कळते. स्पूलवर '०.४० – २००' असं छापलेलं असतं. म्हणजे ०.४० मिलिमीटर जाडीचा दोरा २०० मीटर बसेल. भाच्याच्या रिळावर हेच होतं. त्याचा तंगूस होता ०.२० मिलिमीटरचा, जाडीने निम्मा. मग किती बसेल? ४०० मीटर वाटतं ना? बसतो ८०० मीटर. एक इंची पाइपापेक्षा दोन इंची पाइपात दुप्पट नव्हे, चौपट पाणी मावतं हे द्राक्षबागायतदाराला सांगायला लागत नाही. इथे तेच गणित उलटं. जाडी निम्मी केली की लांबी चौपट.

आठशे मीटर मावणाऱ्या स्पूलमध्ये शंभर मीटर भरला, म्हणजे आठवा हिस्सा. दोरा तळाशी गेला. आता फेकताना प्रत्येक वेटोळं स्पूलच्या उंच कडेवर घासत वर येणार. कढईच्या तळातली शेव काठावरून ओढून काढावी तसं. फेक मेली ती इथे. दोरा कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली एवढाच हवा. त्याहून वर भरला तर वेटोळी एकदम सांडतात आणि गुंता होतो.

यावर उपाय आहे: तळाशी जुना, जाड तंगूस भरून वर नवा बारीक जोडायचा. यालाच भरणी म्हणू. २५०० च्या खोल स्पूलला भरणी घालून काम उत्तम होतं, मी वर्षानुवर्षं तेच केलं. पण ६००० ला ०.४० च्या तंगुसाची पावणेदोनशे मीटर भरणी घालून वर शंभर मीटर दोरा भरायचा, तर ते अर्ध्या किलोच्या आसपासचं वजन दिवसभर मनगटावर कशासाठी वागवायचं? उथळ, म्हणजे 'एस' स्पूल घेतला तर शंभर-दीडशे मीटर बारीक दोऱ्यात तो कडेपर्यंत भरतो. भरणी नाही किंवा अगदी थोडी.

मग सगळ्यात लहान रीळच घ्यावं का?

हा प्रश्न हमखास येतो. दोरा बारीक, मासा लहान, तर ५०० चं चिमुकलं रीळ का नको? दिसायलाही गोड असतं. मीही सुरुवातीला तेच घेतलं होतं आणि डिसेंबरातल्या एका सकाळी पस्तावलो.

तंगुसाला आठवण असते. ज्या घेरावर तो गुंडाळून राहतो, तो घेर त्याच्या अंगात मुरतो. पेनाभोवती तंगूस गुंडाळून आठवडाभर ठेवा, सोडल्यावर स्प्रिंग मिळेल. पाण्याच्या बाटलीभोवती ठेवा, मोठी सैल वळणं मिळतील. स्प्रिंगसारखा दोरा काठीच्या कड्यांमधून जाताना प्रत्येक कडीला आदळतो. वर थंडीत नायलॉन आणखी ताठर होतो. निफाडचा पारा उतरला अशी बातमी ज्या दिवशी असते, त्या सकाळी लहान स्पूलवरचा तंगूस पाण्यावर पडल्यावरही कुरळाच राहतो. मासा आमिष तोंडात घेऊन थुंकतो, तरी ती कुरळी वळणं सरळ होईपर्यंत आपल्या हाताला काही कळत नाही. त्या दिवशी माझं बूच चार वेळा हललं आणि चारही वेळा मी उशिरा ओढलं.

दुसरी गोष्ट घेराची. १००० च्या स्पूलचा व्यास साधारण ४० मिलिमीटर, २५०० चा साधारण ४७. हँडलच्या एका फेऱ्यात तार स्पूलभोवती ५.२ वेळा फिरते असं धरलं, तर १००० वर एका फेऱ्यात सुमारे ६५ सेंटिमीटर दोरा आत येतो आणि २५०० वर सुमारे ७७. मासा आपल्याकडे पळत आला की दोरा सैल पडतो आणि गळ निसटतो. तेव्हा प्रत्येक फेऱ्यामागचे हे १२ सेंटिमीटर कामाला येतात.

म्हणून माझं मत असं: दोन ते चार पौंडी दोऱ्यासाठी १०००. चार ते आठ पौंडीसाठी २००० किंवा २५००, उथळ स्पूलचं. ३००० च्या वर जाण्याचं कारण बारीक दोऱ्याला नाही. एकच रीळ घ्यायचं असेल तर डोळे झाकून २००० च्या आसपासचं. ५०० चं रीळ हौस म्हणून दुसरं घ्या, पहिलं नको.

ड्रॅग: खरी परीक्षा इथे आहे

रिळाच्या पुढच्या बाजूला एक गोल बटण असतं, ते पिळून ड्रॅग लावतात. ड्रॅग म्हणजे स्पूलवरचा ब्रेक. आत फेल्टच्या किंवा कार्बनच्या चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की चकत्या घसरतात, स्पूल मागे फिरतो आणि दोरा तुटण्याऐवजी बाहेर जातो. बारीक दोऱ्याने मोठा मासा येतो तो याच एका गोष्टीच्या जोरावर.

ड्रॅग किती लावायचा? दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. सहा पौंडी दोरा २.७ किलोचा, तर ड्रॅग साधारण ७०० ग्रॅम. एवढा कमी का, असं वाटेल. कारण गाठीपाशी दोऱ्याची ताकद घटते, काठीच्या कड्यांमधून वाकून जाताना घर्षण वाढतं, आणि मासा एकसारखं ओढत नाही, हिसका देतो.

आता खोक्यावर लिहिलेलं असतं 'कमाल ड्रॅग ८ किलो'. आपल्याला लागतात ७०० ग्रॅम. आठ किलोचा आकडा पाहून रीळ घेणं म्हणजे मिठाची चिमूट मोजायला धान्याचा काटा घेणं. मोठ्या रिळाचं बटण थोडं पिळलं की ब्रेक एकदम बराच वाढतो, बारीक फरक त्यावर साधत नाही.

त्याहून घातक दोष सुरुवातीच्या अडखळण्याचा. कांद्याची भरलेली गोणी फरशीवरून ओढून बघा. जागची हलवताना जो जोर लागतो, तो हलल्यावर लागत नाही. ड्रॅगच्या चकत्यांचंही तसंच. चांगल्या ड्रॅगमध्ये हा फरक जाणवत नाही. वाईट ड्रॅग ७०० ग्रॅमला लावलेला असतो, पण सुटायला दीड किलोचा हिसका मागतो, आणि बारीक दोरा नेमका त्या क्षणी तुटतो. मासा मोठा होता म्हणून तुटला असं आपण सांगत सुटतो. बऱ्याचदा मासा अर्धा किलोचाही नसतो.

हे घरी तपासता येतं. एक लिटरच्या बाटलीत ७०० मिलिलिटर पाणी भरा, वजन झालं ७०० ग्रॅमच्या जरा वर. रिळातून दोरा सरळ खाली घेऊन बाटलीच्या गळ्याला बांधा, काठी लावू नका. गच्चीच्या कठड्यावरून किंवा जिन्यातून रीळ हळूच वर उचला. ड्रॅग असा लावा, की बाटली उचलली जाता जाता खाली सरकू लागेल. मग बघत राहा. एकसारखी सरकत उतरली, कर्रर्र असा सलग आवाज आला, तर रीळ चांगलं. थांबली, मग धप्पकन वीतभर पडली, पुन्हा थांबली, तर त्या रिळावर चार पौंडी दोरा लावू नका, मग त्यावर आकडा काहीही असो आणि आत बेअरिंगं कितीही असोत.

स्पूलचा घेर इथेही डोकावतो. दोरा बाहेर गेला की उरलेल्या दोऱ्याचा घेर लहान होतो, आणि लहान घेरावरून तोच ब्रेक जास्त जड लागतो. मी हिशेब करून पाहिला: ०.२० चा पन्नास मीटर दोरा गेला, तर ४६ मिलिमीटरच्या स्पूलवर ओढ साधारण ५ टक्क्यांनी वाढते, ३८ च्या अरुंद स्पूलवर साधारण १० टक्क्यांनी. अडखळण्याच्या मानाने हा फरक छोटा आहे, पण रुंद, उथळ स्पूलच्या बाजूनेच झुकतो.

आणि एक सवय मोडा. ड्रॅग घसरत असताना, मासा दोरा घेऊन पळत असताना, हँडल फिरवू नका. दोरा आत येत नसतो, तार मात्र फिरत असते. एका फेऱ्यात दोऱ्याला पाच पीळ बसतात. वीस फेऱ्यांत शंभर. पुढच्या फेकीला तो दोरा काथ्याच्या दोरीसारखा स्वतःभोवती गुंडाळणार. मासा पळतो तेव्हा नुसती काठी उंच धरा, तो थांबला की फिरवा.

"पण मोठा मासा लागला तर?"

कटला मोठा होतो, रोहूही. ही भीती खरी आहे. पण रीळ मोठं असलं म्हणून सहा पौंडी दोरा दहा पौंडी होत नाही. साखळीतली कमकुवत कडी दोराच आहे. मोठ्या माशासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेसा दोरा आणि मऊ सुटणारा ड्रॅग. उघड्या पाण्यात दीडशे मीटर दोरा पुष्कळ होतो. मासा पळू द्यावा, दमू द्यावा.

मरळीची गोष्ट वेगळी. ती पाणवनस्पतींत, बुडालेल्या काटक्यांत राहते आणि गळ लागला की तिथेच घुसते. तिला पळू देऊन चालत नाही, पहिल्या झटक्यात बाहेर ओढावी लागते. तिथे बारीक दोरा हीच चूक. जाड ब्रेडेड (विणलेला) दोरा, ताठ काठी आणि ३००० किंवा ४००० चं रीळ लागतं. बारीक तंगूस लावून मरळीच्या मागे लागलात तर तिच्या जबड्यात गळ आणि मागे दोन हात दोरा सोडून याल. मला हे फार लागतं. तो मासा तसाच कुठेतरी अडकून मरतो.

ब्रेडेड दोरा घेतला तर?

ब्रेडेड म्हणजे अनेक बारीक तंतू वेणीसारखे विणून केलेला दोरा. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो बराच बारीक असतो आणि त्याला घेराची आठवण राहत नाही. त्यामुळे लहान स्पूलची कुरळ्या दोऱ्याची अडचण संपते, १००० चं रीळ सुखाने चालतं. खोल स्पूलची अडचण मात्र वाढते, कारण दोरा आणखी बारीक.

एक खबरदारी घ्या. गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेड थेट गुंडाळला तर सगळा गठ्ठाच गोल घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. खाली तंगुसाचे काही वेढे द्या, मग त्यावर ब्रेडेड. शिवाय तो ताणत नाही, हिसका थेट गाठीवर येतो, म्हणून ड्रॅग आणखी मऊ ठेवा. नवशिक्याने पहिलं वर्ष तंगूसच वापरावा असं मला वाटतं. तो थोडा ताणतो, हाताच्या चुका पोटात घेतो.

काठीला शोभेल असं

रीळ काठीला लावा आणि रिळाच्या पुढे, मुठीपाशी, एका बोटावर काठी तोला. टोक फार वर गेलं तर रीळ जड आहे. सहा-सात फुटी हलक्या काठीला २०० ते २५० ग्रॅमचं रीळ बरोबर बसतं. काठीची पहिली कडीही बघा. मोठ्या स्पूलवरून मोठी वेटोळी निघतात आणि हलक्या काठीची लहान कडी त्यांचा गळा आवळते. भाच्याची फेक आठ-दहा पावलांवर मरत होती, त्याला हेही कारण होतं.

जाता जाता दोन गोष्टी. धरणांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, गळ टाकण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिथे काठी घेऊन जाण्याचा विचारही नको. आणि कापलेला गुंता काठावर टाकू नका. संक्रांतीला नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख कापले जातात म्हणून आपण हळहळतो. तंगूस म्हणजे तोच नायलॉन. बगळ्याच्या पायात अडकलेला तंगूस मी स्वतः कात्रीने कापला आहे. मांसात रुतला होता. तेव्हापासून खिशात एक रिकामी डबी असते, दोऱ्याचे सगळे तुकडे त्यात जातात.

भाच्याने पुढच्या महिन्यात २००० चं, उथळ स्पूलचं रीळ आणलं. दुकानातून निघण्याआधी त्याने मला फोन केला. "मामा, दुकानदार म्हणतो ड्रॅग फक्त तीन किलो आहे. घेऊ का?" मी म्हटलं, बाटली लावून बघ. संध्याकाळी त्याने तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून काढलेला व्हिडिओ पाठवला. पाण्याची बाटली एका लयीत खाली उतरतेय, कर्रर्र, कर्रर्र, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून वर बघताहेत.